पायपावरचे दोन ठोके

अख्खा हॉल हूं म्हणत होता आणि एक पोरगी म्हणत नव्हती.

दोनशे माणसांत एक तोंड बंद आहे हे मला कसं कळलं, असं विचाराल. अहो, अकरा वर्षं मी हेच करतेय. खाण-सुरक्षा सप्ताह आला की वणीपासून बल्लारपूरपर्यंत मला बोलावणी येतात. नारळ, शाल, साहेबांचं लांबलचक भाषण आणि मग शेवंता आसुटकर यांची 'सात दिवसांची कहाणी'. बसल्याबरोबर मी सगळ्यांना दम देते, की बाबांनो, आमच्याकडे कहाणी हुंकारावर चालते. मी एक वाक्य सांगणार, तुम्ही हूं म्हणायचं. हूं थांबला की मी थांबले. माझा बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, जेवणाच्या सुट्टीत तो कहाणी सांगायचा. ऐकणाऱ्याला डुलकी लागून हूं चुकला, की बाप कहाणीतल्या म्हशीला तशीच रस्त्यात उभी करायचा आणि भाकरी खायला घ्यायचा. मग कितीही पाया पडा.

माझी कहाणी आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे, तरी तुम्हाला सांगते. २०३६ चा मार्च. चार नंबरच्या खाणीत मी हवा तपासायला उतरले होते. गॅस किती, वारा किती, हे बघायचं माझं काम. छत बसलं. मी आणि दौलत पिंपळशेंडे, छताला बोल्ट मारणारा जुना गडी, आम्ही दोघं बैलगाडीएवढ्या पोकळीत सापडलो. दौलतभाऊचे पाय दगडाखाली. टोपीवरचे दिवे पहिल्याच दिवशी विझले. अंधारात माणूस जिवंत आहे की नाही ते फक्त आवाजावरून कळतं, म्हणून मी बापाची कहाणी काढली. एका गुराख्याची म्हैस हरवते, आणि तो तिच्या गळ्यातल्या घंटेच्या मागं मागं गावोगाव हिंडतो. दौलतभाऊ हूं म्हणत राहिला, तो सात दिवस. सातव्या दिवशी वरून भोक पाडून बचाववाल्यांचा पिंजरा खाली उतरला, तेव्हा उजेड बघून त्यानं माझा हात दाबला आणि मग तो गेला.

इथं बाया डोळ्यांना पदर लावतात. साहेबलोकसुद्धा चष्मा पुसतात.

कार्यक्रम संपल्यावर ती पोरगी पुढं आली. बावीस-तेवीसची, उंच, खांद्याला बॅग. म्हणाली, "मी मंजिरी. उद्धव ताजण्यांची मुलगी."

उद्धव ताजणे म्हणजे त्याच दिवशी त्याच खाणीत, पलीकडच्या बाजूला एकटा अडकलेला माणूस. तो जिवंत वर आला नाही. त्याच्या घरी मी अकरा वर्षांत एकदाही गेले नव्हते. वेळच मिळाला नाही, असं मी म्हणत असे.

"हूं का नाही म्हटलंस?" मी उलट तिलाच दटावलं.

"बाबा गेल्यापासून कोणालाच म्हणत नाही, मावशी. तो सांगायचा तेव्हा म्हणायची." मग तिनं सरळ विचारलं, "पायपावर ठोके कोण मारायचं? तुम्ही की दौलतकाका?"

"मी. त्याचा हात पोचत नव्हता."

"किती?"

"दोन. जितके जीव तितके ठोके. तेच शिकवतात आम्हाला."

हे खरंय. अडकलात तर हवेच्या पायपावर दगडानं ठोके मारायचे, वर जमिनीला कान लावलेली यंत्रं असतात, ती मोजतात. दुसरी एक गोष्ट कोणी शिकवत नाही, पण खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. भोक पाडायचं मोठं यंत्र एकच असतं. ते आधी जास्त ठोक्यांकडे जातं.

"सातव्या दिवसापर्यंत दोनच?"

"हो गं बाई. जिवंत होता तो."

"मावशी, आमच्या बाजूला खोली शंभर मीटर होती, तुमच्याकडे दोनशे. यंत्र आमच्याकडे लावलं असतं तर चौथ्या दिवशी बाबापर्यंत पोचलं असतं. चौकशीच्या अहवालात लिहिलंय. बाबाचे ठोके पाचव्या दिवशी बंद झाले. पण त्याचा एक होता आणि तुमचे दोन. दोघांना आधी, एकाला नंतर. ते मी बारा वर्षांची असल्यापासून मान्य केलंय."

"मग आता काय पाहिजे?"

"दौलतकाकांच्या पोस्टमॉर्टेमचा कागद मी मागवला. मृत्यूच्या वेळेची जागा रिकामी आहे. प्रेत दगडाखालून महिन्यानं निघालं, तोवर उष्णता आणि ओल, म्हणून सांगता येत नाही म्हणे."

माझं डोकंच फिरलं. चिडले की माझी ही भाषणांतली पुस्तकी मराठी गळून पडते. "मले खोटं पाडाले आली का तू? सात दिवस थो मानूस माझ्या हाताशी हूं म्हनत होता, अन् तू मले कागद दाखवते!"

ती जरासुद्धा मागं सरली नाही. "मी नागपूरला पाखडणीवर काम करते," ती म्हणाली. "एकदा बसा. मी पाया पडते."

पाखडणीचं, म्हणजे आठवण तपासायच्या यंत्राचं, नाव तुम्ही ऐकलं असेल. तिचं सरकारी नाव लांबलचक आहे, ते कोणी घेत नाही. लोकांनी तिचं सूपच करून टाकलं. दाणा इकडे, फोल तिकडे. हल्ली नवरा-बायको आपलं भांडण घेऊन तिच्यात बसतात, तू असं म्हणालास की मी तसं ऐकलं, एवढ्यासाठी. कोर्ट अजून तिचा पुरावा मानत नाही. मानायला लागलं तर काय होईल ते देव जाणे.

मंजिरीनं मला ती बसस्टँडवरच्या टपरीत समजावून सांगितली. मी चिडलेली होते, पण ऐकलं.

"आठवण म्हणजे फोटो नव्हे, मावशी. डब्यातल्या गुळासारखी असते. बाहेर काढली की मऊ होते. मऊ असताना तुम्ही तिच्यावर जे बोलता ते तिच्यात मिसळतं, आणि तशीच ती परत घट्ट होते. तुम्ही अकरा वर्षांत ती किती वेळा बाहेर काढली?"

"दरवर्षी तीस-चाळीस कार्यक्रम. शिवाय घरी."

"म्हणजे चारशेच्या वर. आता दुसरी गोष्ट. स्वतःला गुदगुल्या करून बघा."

"काय?"

"होत नाहीत. कारण हात हलवायच्या आधी मेंदू अंगाला निरोप देतो, की दचकू नको, हे आपलंच आहे. बोलतानाही तसंच. घशातून आवाज निघायच्या आधी कानाला निरोप जातो. त्या निरोपाची खूण त्या आवाजाच्या आठवणीला चिकटून राहते. आमच्या लोकांना सापडलं ते एवढंच, की बाकी गूळ कितीही वेळा वितळू दे, ही खूण पुसत नाही. तुम्हाला आठवणारा आवाज बाहेरून कानावर आला होता की तुमच्याच घशातून निघाला होता, ते टोपी घालून पाच मिनिटांत दिसतं. शब्द दिसत नाहीत. कोणाचा घसा, एवढंच दिसतं."

"अन् मग?"

तिनं टपरीवाल्याचे पैसे चुकते केले. "मग तुमची कहाणी पूर्वीसारखी राहणार नाही. जे कळेल ते तिच्यात मिसळणारच. ते मी लपवत नाही."

मी चहाचा कप आपटून उठले आणि नाही म्हणून घरी आले.

घरी आमचे हे, वामन. साधा माणूस, पोस्टात आहे. माझी कहाणी त्यांनी इतक्या वेळा ऐकलीय की झोपेतसुद्धा बरोबर जागी हूं म्हणतात. मी त्यांना मंजिरीचं सांगितलं. ते जेवता जेवता थांबले.

"जाऊ नोको," ते म्हणाले.

"काहून? मी खोटी हाओ का?"

"मी असं म्हनलं का? तू वर आली तेव्हा सहा महिने तोंडातून शब्द नोहता तुझ्या. भिंतीकडं पाहत राहे. मंग तू कहानी सांगाले लागली अन् मानसात आली. ज्या फांदीवर बसली ते काहून तोडतं बाप्पा?"

त्यांच्या प्रेमाची मला खात्री आहे, पण त्या दिवशी त्यांचं बोलणं मला टोचलं. म्हणजे ह्या माणसालासुद्धा फांदी पोकळ वाटत होती तर. अकरा वर्षं वाटत होती आणि तरी हा हूं म्हणत होता. मी ताट सारलं. त्यानंतर आठ दिवस माझं कशात लक्ष लागेना. कुकरच्या शिट्ट्या मोजू लागले. दारावर कोणी थाप मारली तर किती वेळा मारली ते मोजू लागले. नवव्या दिवशी मीच मंजिरीला फोन केला.

नागपूरची ती लॅब म्हणजे दंतवैद्याच्या दवाखान्यासारखी एक खोली. डॉक्टर गोतमारे नावाचे मऊ आवाजाचे गृहस्थ. माणूस इतकं हळू बोलायला लागला की मला तो काहीतरी लपवतोय असं वाटतं. मंजिरीला नियमानं आत बसता येत नव्हतं, ती काचेपलीकडं उभी राहिली. डॉक्टरांनी माझ्या डोक्यावर टोपी घातली. मेंदूतल्या विजेची थरथर तिच्यातल्या हजारभर सेन्सरना कळते म्हणे. समोर पडदा. "कहाणी सांगा," ते म्हणाले. "बाहेरून ऐकलेल्या आवाजाला पांढरा ठिपका येईल. तुमच्या घशातल्याला पिवळा."

मी सुरुवात केली. छत बसलं. पांढरं. मी ओरडले. पिवळं. दौलतभाऊ म्हणाला, "पोरी, हात दे." पांढरं. मला बरं वाटलं. बघा म्हटलं, दाणाच आहे सगळा. पहिला दिवस, कहाणी सुरू, त्याचा हूं पांढरा, पुन्हा पांढरा. मध्येच तो चेष्टा करायचा, "सापडली का नाई थे म्हैस? अन् सापडू देऊ नोको बरं. म्हैस सापडली का कहानी सरते, अन् आपुन बी." तेही पांढरं. त्याचा आवाज तसाच्या तसा कानात आला आणि मला रडू फुटलं.

मी सांगत गेले. सातव्या दिवसाला पोचले तेव्हा तोंड सुकलं होतं. डॉक्टरांनी पाणी दिलं आणि पडदा मागं फिरवला.

दुसऱ्या दिवशी मध्येच कुठंतरी, दोनशे अठराव्या हुंकारानंतर, पांढरा ठिपका संपला होता. तिथून पुढं सातव्या दिवसापर्यंत हूं, हूं, हूं, सगळे पिवळे. हळदीचा सडा पडावा तसे.

"हे फार जणांत दिसतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "एकटेपण सहन होईना म्हणून मेंदू सोबत तयार करतो. यात तुमचा दोष नाही. तुम्ही जगलात ते यामुळंच."

माझ्या घशाला आठवलं होतं. हनुवटी छातीशी दाबून, घसा जड करून, म्हाताऱ्यासारखा हूं काढायचा. पाच दिवस मीच सांगत होते आणि मीच हूं म्हणत होते. शेजारचा हात गार होता, आणि मी त्यावर माझं जॅकेट घातलं होतं.

"दोन गोष्टी मात्र कळत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "ही म्हशीची घंटा. ती तुम्ही रचलेली, म्हणजे ठिपका यायलाच नको. पण तिचे ठिपके पांढरे आहेत. तिसऱ्या दिवशीही, चौथ्या दिवशीही. काहीतरी बाहेरून ऐकू येत होतं. पाणी ठिबकत होतं का?"

"असेल," मी म्हटलं.

"आणि हा पुंजका. शेवटच्या पांढऱ्या हुंकाराच्या जरा आधी. इथं आत्ता तुम्ही गप्प बसलात, पुढं गेलात. पण तुमच्या डोक्यात कोणीतरी बोललं. बाहेरून ऐकलेलं, पंधरा-वीस शब्द. काय बोललं?"

काचेपलीकडून मंजिरी पुंजक्याकडं बघत होती.

"आठवत नाही," मी म्हणाले.

मंजिरी मला बसपर्यंत सोडायला आली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "म्हणजे इकडेही एक, तिकडेही एकच होता. आणि खोली आमच्याकडे कमी होती." मग चालता चालता म्हणाली, "पण तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी. तुमच्यापुरते दोघंच होते. मी तुमच्यावर राग धरणार नाही. मला फक्त कळायला पाहिजे होतं." आणि तिनं, उद्धव ताजण्याच्या पोरीनं, मला बसमध्ये खिडकीजवळची जागा धरून दिली.

हे माझ्याच्यानं सोसलं नाही. चापटी मारली असती तर परवडलं असतं.

कारण मला आठवत होतं. अकरा वर्षं नव्हतं आठवत, देवाशप्पथ. पण टोपीखाली ते वाक्य असं वर आलं, की आता खाली जाईना. घरी आले तरी जाईना. जेवायला बसले तरी कानात तेच. मी वामनला म्हटलं, कहाणी सांगते, ऐका. छत बसलं, म्हटलं. ते हूं म्हणाले. दौलतभाऊचे पाय दगडाखाली होते, म्हटलं. हूं. पुढं माझं तोंडच उघडेना. त्यांचा तो मायेचा हूं ऐकून मला घराबाहेर पळावंसं वाटलं. शेवटी मी त्यांना ते वाक्य सांगून टाकलं.

त्यांनी उठून दाराला कडी लावली. मग म्हणाले, "कोनाले सांगू नोको. पोरीनं माफ केलं ना? मंग झालं. मेलेला मानूस परत येत नाई."

"पोरीनं भलत्याच बाईले माफ केलं," मी म्हटलं. "जे बाई हायेच नाई तिले."

"अन् खरं सांगून तिचं का भलं होईन? तुले हलकं वाटावं म्हून तिच्या डोक्यावर गोटा ठेवतं का?"

चार दिवस मी घरात येरझारा घातल्या. एका शाळेचं बोलावणं आलं होतं, तब्येतीचं कारण सांगून टाळलं. पाचव्या दिवशी सकाळची नागपूरची बस पकडली.

मंजिरी भाड्याच्या खोलीत एकटीच राहते. रविवार होता, ती कपडे वाळत घालत होती. मला बघून तिला आनंद झाला, हे सर्वांत वाईट. चहा टाकू लागली. मी म्हटलं, "चहा नको. तो पुंजका काय होता ते सांगायला आलेय."

ती वळली.

"दुसऱ्या दिवशी दौलतभाऊचा श्वास घरघर करायला लागला. त्या आधीपासून आम्हाला पलीकडून ठोका ऐकू येत होता. दगडातून, पायपातून. एक. थांबून पुन्हा एक. दौलतभाऊच म्हणाला, थो उद्धव हाये, त्याची त्या बाजूची पाळी हाये. मंजिरी, तुझा बाप तिकडे एकटा आहे हे आम्हाला ठाऊक होतं. मग घटकाभरानं दौलतभाऊनं माझा हात धरला आणि म्हणाला, 'पोरी, मी गेलो तरी दोनच मार. इकडं दोन हायेत असंच वाटू दे त्यायले. एकासाठी मशीन इकडं नाई येत.'"

चहाला उकळी येऊन तो शेगडीवर सांडला. तिनं बटण बंद केलं नाही, मीच केलं.

"मला भ्रम झाला नव्हता," मी म्हटलं. "तो गेला हे मला कळलं होतं. यंत्र एकच आहे हे ठाऊक होतं. पलीकडं तुझा बाप आहे हे ठाऊक होतं. तरी मी दगड उचलला आणि दोन मारले. मला मरायचं नव्हतं. बस. मारल्यावर मात्र ते खोटं मला पेलेना, म्हणून मी त्याला जिवंत केला. मी सांगायची, मीच हूं म्हणायची. तो हूं म्हणतोय म्हणजे आहे. आहे म्हणजे दोन ठोके खरेच. असं करत करत पाच दिवस काढले, आणि मग अकरा वर्षं."

मंजिरीच्या हातात ओला टॉवेल होता, तो तिनं जमिनीवर फेकला. मग ओरडली, "का सांगितलंत? मी झोपायला लागले होते! चार दिवस मी नीट झोपत होते!"

"माहीत आहे."

"मग का सांगितलंत?"

"तू चुकीच्या माणसाला माफ केलंस म्हणून."

"मी तुम्हाला माफ करणार नाही. आता तर नाहीच."

"नको करू. मी मागायला नाही आले."

"निघा."

मी चप्पल घालायला वाकले. आणि तेव्हा मला कळलं, की अजून अर्धं सांगायचं राहिलंय. तिच्या मालकीचं होतं ते, माझं नव्हतं. उंबऱ्यात उभी राहूनच मी म्हटलं, "माझ्या बापाच्या म्हशीला घंटा नव्हती."

ती पाठमोरी होती.

"बापाची म्हैस नुसती हरवते. गुराखी शेण बघत, खूर बघत तिच्या मागं जातो. घंटा मी घातली, तिसऱ्या दिवशी. कारण पलीकडून तो एक-एक ठोका यायचा, आणि दरवेळी मला आठवायचं, की इकडेही एकच आहे. ते ऐकवेना, मंजिरी. म्हणून मी त्या ठोक्याला म्हशीच्या गळ्यात बांधलं. वाजली घंटा, म्हणायची. गुराखी धावला, म्हणायची. त्या घंटेचे सगळे ठिपके पांढरे आहेत. ती मी रचलेली नाही. तो तुझा बाप आहे. जे जे वाजलं ते सगळं माझ्या कहाणीत जसंच्या तसं आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठा एक ठोका, मग थांबून बारीक तीन. टक. टक-टक-टक. मला वाटलं घंटेची जीभ सैल झाली, आणि कहाणीत मी तसंच सांगितलं."

"काय म्हणालात?"

"घंटेची जीभ सैल..."

"ते नाही. ठोका. करून दाखवा."

दाराशी पाण्याचा स्टीलचा पेला होता. मी तो उचलून चौकटीवर वाजवला. एक. थांबले. मग तीन, बारीक.

मंजिरी भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "डबा," ती म्हणाली. "ड्यूटीवरून आला की फाटकावर रिकामा डबा वाजवायचा. असाच. मग मी धावत जाऊन कडी काढायची. दुसऱ्या कोणी काढली तर रुसायचा." आणि ती तोंडावर दोन्ही हात घेऊन रडली, लहान मुलासारखी, आवाज करून. मी जवळ गेले नाही. तो हक्क माझा नव्हता.

बऱ्याच वेळानं ती तशीच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून काय काय वाजवलं त्यानं?"

"पुष्कळ. सगळं आहे माझ्याकडे."

"सांगा."

"हुंकाराशिवाय मला सांगता येत नाही गं. जमतच नाही. आणि आता स्वतःचा स्वतःला देणार नाही."

खाली रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. शेजारच्या कोणाचातरी कुकर शिट्टी देऊन थांबला. मी मोजली नाही. मी उंबऱ्यातच चप्पल काढून बसले आणि म्हटलं, "तिसऱ्या दिवशी गुराखी नदीवर पोचला."

काही नाही.

"पलीकडच्या काठावर घंटा वाजली. एक मोठी, तीन बारीक."

तिनं नाक पुसलं. डोळे मिटले. आणि मग, अगदी बारीक आवाजात, अकरा वर्षांनी, "हूं."

मी पुढं सांगू लागले. गुराखी नदी ओलांडून गेला, घंटा वाजत राहिली, ती हूं म्हणत राहिली. चौथा दिवस लागला. पाचव्या दिवशी घंटा थांबते हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. म्हणून चौथा दिवस मी जितका लांबवता येईल तितका लांबवला.